मागची खोली, अभ्यासिका आणि स्कॅनर : सोलापुरातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

सोलापूरच्या जुन्या गावठाण भागातलं हे वाचनालय शासनमान्य आहे, 'अ' वर्गाचं. नाव देत नाही. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि इथे जे घडलं ते त्यांतल्या कुठल्याही ग्रंथालयात घडू शकतं. नाव आलं की चर्चा प्रश्नावरून घसरून माणसांवर जाते.

तळमजल्यावर देवघेव विभाग आणि मुक्तद्वार वृत्तपत्र वाचन. वर अभ्यासिका. अभ्यासिकेच्या मागे एक लांबट खोली, जिला सगळे 'फायलींची खोली' म्हणतात. तिच्यात स्थानिक दैनिकांचे आणि साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत. गिरण्यांच्या काळातली कामगार संघटनांची पत्रकं, नाट्यमंडळांच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या जाहिराती, पूर्व भागातल्या भजनी मंडळांच्या तेलुगू पुस्तिका, असा सगळा ऐवज दोरीने बांधून रॅकवर ठेवलेला. महिन्यातून एखादा संशोधक येतो, कधी तोही येत नाही.

अभ्यासिकेत मात्र पाय ठेवायला जागा नाही. एमपीएससी, पोलीस भरती, बँका, तलाठी परीक्षा. मुलं-मुली सकाळी दार उघडायच्या आधी येऊन थांबतात. जागा मिळाली नाही तर जिन्यात बसतात. अशात एका देणगीदाराने स्कॅनिंगचा खर्च आणि काही संगणक देऊ केले. कार्यकारी मंडळापुढे सरळ प्रस्ताव आला : मागच्या खोलीतलं सगळं स्कॅन करायचं, कागद रद्दीत द्यायचा, त्या खोलीत संगणक मांडून 'ई-ग्रंथालय' करायचं आणि अभ्यासिका तिकडे वाढवायची. ठराव जवळजवळ लिहून झाला होता. ग्रंथपालबाई अडून बसल्या. मी ग्रंथालयशास्त्र शिकवतो म्हणून दोन्ही बाजूंनी मला मत विचारलं.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात. त्यांना काय सांगू, तुमच्यापेक्षा जुना पेपर महत्त्वाचा आहे म्हणून?" बाई म्हणाल्या, "तसं नाही की ओ, सर. पण रद्दीच्या भावानं विकून एक कपाटसुद्धा येणार नाही. आणि एकदा गेलं की परत कुठनं आणायचं?"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच हे प्रकरण मला मांडावंसं वाटलं. छापील की डिजिटल असा वाद घातला की प्रत्येक जण आपली आवड सांगतो आणि बैठक संपते. इथे सुटका झाली ती एका साध्या प्रश्नामुळे : या वस्तूची दुसरी प्रत कुठे आहे? प्रत्येक रॅकपुढे उभं राहून हाच प्रश्न विचारायचा, असं ठरलं.

फायलींच्या खोलीत काय होतं

लोकप्रिय कादंबरीची दुसरी प्रत पुण्यात आहे, बार्शीत आहे, प्रकाशकाकडेही आहे. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. पण सोलापुरातल्या एखाद्या कामगार संघटनेने संपाच्या वेळी काढलेल्या दोन पानी पत्रकाची दुसरी प्रत कुठे असेल? १९५४च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक केलं, १९५६मध्ये वृत्तपत्रंही त्यात आली. पण स्मरणिका, पत्रकं, हस्तपत्रिका कोण पाठवतं? छोट्या साप्ताहिकांचेही सगळे अंक तिथवर पोचले असतील याची हमी नाही.

आणि हे शहर असं आहे की इथल्या कागदाला वजन आहे. मे १९३०मध्ये काही दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल चालला नाही, मग मार्शल लॉ आला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या काळात शिक्षा झाली. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांतले कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत. म्हणजे या शहराने पत्रकारितेची किंमत मोजलेली आहे. पुढे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या काळात कामगारांच्या घरात काय चाललं होतं हे सरकारी अहवालात सापडत नाही, ते या पिवळ्या पानांवर सापडतं.

म्हणून खोलीतल्या बहुतेक ऐवजाचं उत्तर 'दुसरी प्रत माहीत नाही' असं निघालं. त्याच खोलीत मुंबई-पुण्याच्या मोठ्या दैनिकांचेही खंड होते. त्यांच्या प्रती इतर मोठ्या ग्रंथालयांत आहेत. ते आपण सांभाळायची गरज नव्हती, आणि त्यांनी बरीच जागा अडवली होती.

एका खंडाची चाचणी

स्कॅनिंगचं काम घेऊ पाहणाऱ्या व्यावसायिकाने पानामागे स्वस्त दर सांगितला. अट एक होती : खंडांची पाठ कापून द्यायची. सुटी पानं फीडरमधून, म्हणजे पानं आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रातून, भराभर निघतात, म्हणून दर कमी. मी आणि बाईंनी एक खंड उघडला. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य आणि आम्ल राहतं, आणि उष्णतेत त्याचा ऱ्हास झपाट्याने होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने चालते असं मानतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जाणारा, त्यात खोलीवर पत्रा. बाईंनी एका पानाचा कोपरा हलकेच दुमडला आणि उलटा दुमडला. कोपरा त्यांच्या बोटावर राहिला. हे पान फीडरच्या रबरी रोलरमधून गेलं असतं तर त्याचे तुकडे झाले असते.

मग न कापता, सपाट स्कॅनरवर पालथा घालून एक खंड करून पाहिला. बाइंडरने कडेला टाके घालून घट्ट बांधलेला खंड तो. बाहेरचे रकाने छान आले. आतल्या बाजूचा रकाना कागदाच्या वळणात काळा पडला. त्या रकान्यात बाजारभाव होते. मालाची नावं वाचता येत होती, आकडे बांधणीत गेले होते. कापडबाजारावर संशोधन करणाऱ्याला नेमके तेच आकडे लागणार. हा खंड 'डिजिटल झाला' म्हणून रद्दीत गेला असता तर ते भाव कायमचे गेले असते, आणि गेले हे कुणाला कळलंही नसतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पडद्यावर पान दिसतं म्हणून आपण ते पूर्ण आहे असं धरून चालतो.

तिसरा प्रयोग वरून फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याचा. इंग्रजी 'व्ही'सारखा लाकडी पाळणा करून घेतला, त्यात खंड अर्धवट उघडा ठेवायचा, वरून काच, दोन्ही बाजूंना दिवे. बांधणीला ताण नाही, आतला रकानाही येतो. वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो. सगळं एका झपाट्यात करण्याची कल्पना तिथेच सोडून द्यावी लागली, आणि ते चांगलं झालं, कारण मग क्रम लावावा लागला. आधी एकमेव आणि मोडकळीला आलेलं. मग एकमेव पण धडधाकट. ज्याची प्रत इतरत्र आहे ते शेवटी, किंवा कधीच नाही.

शोधाच्या सोयीबद्दल एक गैरसमज बैठकीत होता. स्कॅन केलं की शब्द टाकून शोधता येतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. स्कॅन म्हणजे फक्त चित्र. त्यातली अक्षरं ओळखायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. 'टेसरॅक्ट' हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, पण शिशाच्या खिळ्यांनी छापलेली, झिजलेली जोडाक्षरं त्याला नीट लागत नाहीत. एका पत्रकाची एक बाजू मराठी आणि दुसरी तेलुगू होती. फक्त मराठी निवडून चालवल्यावर तेलुगू बाजूचा निव्वळ चिखल झाला. दोन्ही भाषा निवडता येतात, पण मुळात पत्रक द्विभाषी आहे हे कुणीतरी आधी नोंदवायला हवं. म्हणून प्रत्येक अंकाला हाताने नोंद करायची ठरली : नाव, तारीख, भाषा, पानं, गहाळ पानं, आणि मूळ खंड कुठल्या रॅकवर आहे तो क्रमांक. यंत्राने वाचलेला मजकूर हा मदतीचा, नोंद ही खात्रीची.

कायदा काय म्हणतो

मंडळातल्या एका वकील सभासदांनी विचारलं, स्कॅन करून वेबसाइटवर टाकलं तर कुणी दावा लावणार नाही ना? प्रश्न योग्य होता. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांचं झालं. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६१ उजाडावं लागेल. निनावी मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं. त्यामुळे मार्शल लॉच्या काळातला बिननावाचा मजकूर खुला करायला हरकत नव्हती; सहीच्या लेखांचं मात्र लेखकाचं निधन कधी झालं ते पाहून ठरवायचं.

पण याच कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली, आणि तिने या प्रकरणात निर्णय फिरवला. कलम ५२ नुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते, जर त्या ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असेल. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर स्कॅन करायची मुभा आहे, तोच कागद विकायला आपण निघालो होतो. कायद्याने प्रत पुढेही ठेवलीच पाहिजे असं शब्दशः म्हटलेलं नाही, पण हक्क शिल्लक असलेल्या मजकुरासाठी मूळ प्रत हातात असणं हाच ग्रंथालयाचा आधार आहे. वकीलसाहेबांनी हे वाचून दाखवल्यावर 'कागद रद्दीत' हा शब्दप्रयोग ठरावातून गेला.

मंडळातल्या तरुण सभासदांचा आग्रह होता की निदान नवी खरेदी तरी ई-पुस्तकांची करू. त्यावर मी दोन घटना सांगितल्या. २००९मध्ये ॲमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं. २०११मध्ये हार्परकॉलिन्सने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं की ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. आपल्या देवघेव काउंटरवर शिवण सुटून पुन्हा बांधलेली कादंबरी किती हातांतून गेली असेल ते पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर दिसतं. अनुदानातला मोठा वाटा पगारात जाणाऱ्या ग्रंथालयाने भाड्याच्या पुस्तकांवर पैसा घालावा असं मला वाटत नाही. देवघेव विभाग छापीलच राहिला. दिवाळी अंकांचीही तीच गोष्ट : नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांची वाचकांमध्ये जी पळापळ असते, तिच्यावर कितीतरी सभासदांची वर्गणी टिकून आहे.

अभ्यासिकेतली मुलं काय मागत होती

प्रस्तावात संगणक होते, पण मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी विचारलं. एकालाही संगणक नको होता. नोट्स, चाचण्या, व्हिडिओ सगळं मोबाइलवर आहे. त्यांना हवं होतं रुंद टेबल, चार्जिंगची सोय, पंखा, न तुटणारं वायफाय आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार. मुलींनी पाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या अडचणी सांगितल्या, ज्या प्रस्तावात कुठेच नव्हत्या.

मग जागा कुठून आणायची? ती मागच्या खोलीतून फारशी आलीच नाही. ती आली अभ्यासिकेच्याच भिंतींवरून. तिथली कपाटं जुन्या परीक्षा-मार्गदर्शकांनी भरलेली होती. अभ्यासक्रम बदललेले, चालू घडामोडी शिळ्या झालेल्या. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले; त्या आधीची कायद्याची गाइडं परीक्षार्थींना चुकीचं शिकवणारी ठरली. तरी कपाटात होती, कारण दाखल नोंदवहीत आकडा कमी झाला तर तपासणीत विचारतील ही भीती. खरं तर निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकण्याची, रीत सगळ्यांना माहीत आहे : यादी, कारण, मंडळाचा ठराव, नोंदवहीत शेरा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत तर दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकांचं नुकसान वाजवी धरलं आहे. नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी असला तरी पुस्तक झिजतं, हरवतं, कालबाह्य होतं हे गृहीत धरण्याची शहाणी रीत त्यात आहे. जुन्या कायद्याची एकेक चांगली प्रत ठेवली, कारण जुने खटले त्याच कायद्याखाली चालतात. बाकी गेलं. मुंबई-पुण्याच्या दैनिकांचे खंड ज्यांना हवे त्या ग्रंथालयांना विचारून दिले. कपाटं निघाल्यावर तिथे टेबलं लागली. जिन्यातली मुलं वर आली.

परीक्षेची पुस्तकं यापुढे थोडीच घ्यायची आणि दरवर्षी बदलायची, हेही ठरलं. लवकर शिळं होणाऱ्या मजकुरासाठी डिजिटल हेच योग्य माध्यम आहे. इथे मला जराही शंका नाही.

तेलुगू वाचक

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. यंत्रमाग, चादरी, विड्या, हे त्या भागाचं जगणं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वाचनालयात तेलुगू पुस्तकांचं एकच कपाट, तेही वर्षानुवर्षं तसंच. नवी पुस्तकं हैदराबादहून मागवावी लागतात, आणि ग्रंथालयाच्या नेहमीच्या पुरवठादारांकडे ती नसतात.

इथे डिजिटलने खरी कामगिरी केली. तेलुगू आणि कन्नडमधली कितीतरी जुनी, हक्कमुक्त पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. आयआयटी खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातूनही तिथवर पोचता येतं. देणगीतल्या संगणकांऐवजी मोठ्या पडद्याचे टॅबलेट घेतले आणि निवडक तेलुगू पुस्तकं त्यांत उतरवून दिली. लहान मोबाइल मुद्दाम टाळला. स्कॅन केलेल्या पानाचा आकार वाढवला की ओळी नव्याने जुळत नाहीत, सगळं पानच सरकतं, आणि प्रत्येक ओळीसाठी बोट डावीकडून उजवीकडे न्यावं लागतं. मोठ्या पडद्यावर अख्खी ओळ मावते. एक निवृत्त यंत्रमाग कामगार आजोबा रोज येऊन बसू लागले. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून त्यांनी वाचणं सोडलं होतं. बाईंना म्हणाले, "ताई, अक्षर एवढं मोठं असतंय हे आधी का नाही सांगितलं?"

मराठी वाचकांसाठीही याच टॅबलेटवर साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं आणि राज्य मराठी विकास संस्थेने खुले केलेले दुर्मीळ ग्रंथ ठेवले. तिथेही प्रश्न तोच विचारला होता : हे छापील स्वरूपात आपल्याला मिळतं का? मिळत नसेल तर डिजिटल घ्या, आणि त्याची नोंद छापील पुस्तकांच्याच तालिकेत (कॅटलॉगमध्ये) करा. दोन वेगळ्या याद्या असल्या की वाचक दोन्हींकडे फिरकत नाही. 'कोहा' हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात एकाच नोंदीखाली रॅक क्रमांकही देता येतो आणि दुवाही. तेच घेतलं.

साठवणीचा हिशेब

सगळ्यात कमी बोललं गेलं ते यावर, आणि पुढे त्रास इथेच होतो. दैनिकाचं पान साधारण १६ बाय २२ इंच धरू. दर इंचाला ४०० बिंदूंनी, करड्या छटेत स्कॅन केलं तर एका पानाची मूळ फाइल ५५-५६ एमबीची होते, रंगीत केली तर तिप्पट. चार पानी दैनिक, वर्षाला तीनशे अंक, म्हणजे करड्या छटेतलं एक वर्ष ६५-७० जीबी. वीस वर्षांचे खंड दीड टीबीच्या आत बसतात. आकडा घाबरवणारा नाही. पण तो एका प्रतीचा. तीन प्रती हव्यात : एक वाचनालयात, एक त्याच इमारतीत पण दुसऱ्या डिस्कवर, एक इमारतीच्या बाहेर. बाहेरची प्रत शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ठेवायचं मान्य केलं. हार्ड डिस्क कायमची नसते. चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावंच लागतं. फाइल बिघडली का हे तपासायला प्रत्येक फाइलचा एक तपासणी-क्रमांक काढून ठेवतात. ते काम फुकटच्या सॉफ्टवेअरने होतं, फक्त कुणीतरी दरवर्षी करायला हवं.

देणगी एकदाच मिळते, डिस्कचा खर्च दर काही वर्षांनी येतो. म्हणून 'डिजिटल जतन' हे वार्षिक अंदाजपत्रकात कायमचं शीर्षक करावं असा माझा आग्रह होता. त्यावर मंडळात बरीच ओढाताण झाली, कारण तेच पैसे नव्या पुस्तकांना हवे होते. शेवटी कीटकनाशक, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या, बांधणी यासाठी जे शीर्षक होतं त्याचंच नाव 'संग्रह जतन' असं करून कागद आणि डिस्क दोन्ही त्यात घातले. कागद खाणारी कसर आणि बिघडलेली डिस्क यांना एकाच शीर्षकाखाली बसवणं मला पटलं.

आता

मागची खोली जागेवर आहे. पत्र्याखाली उष्णतारोधक छत घातलं, खिडक्यांना जाड पडदे लावले, दोरीने बांधलेले गठ्ठे आम्लविरहित पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेले. स्कॅनिंग संथ चालू आहे. ते दोन अर्धवेळ मदतनीस करतात, आणि दोघंही अभ्यासिकेतलीच मुलं. गिरणीच्या पत्रकांचं काम आधी घेतलं आहे.

तीन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. सहीचे लेख असलेले साठोत्तरी अंक वेबसाइटवर टाकता येत नाहीत, वाचनालयात बसूनच पाहावे लागतात, आणि बाहेरगावच्या संशोधकांना ते पटत नाही. स्मरणिकांचे हक्क ज्यांच्याकडे असतील अशी कितीतरी मंडळं आता अस्तित्वातच नाहीत, मग परवानगी कुणाकडे मागायची? आणि तेलुगू पुस्तिकांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, कारण तेलुगू वाचता येणारी आणि तालिकीकरण येणारी व्यक्ती अजून मिळालेली नाही. पूर्व भागातल्या शाळांमधल्या तेलुगू शिक्षकांना सुट्टीत बोलवावं आणि बाईंनी त्यांच्याशेजारी बसून नोंदी कराव्यात, असा बाईंचा प्रस्ताव पुढच्या बैठकीपुढे आहे. मानधनाची तरतूद 'संग्रह जतन'मधूनच करावी, असं मी लेखी कळवलं आहे.